गणपतीसमोर नारळ-पेढ्यांऐवजी धान्य : कसं गोळा करावं, कसं द्यावं?

इंदिरानगरची

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी नाशिकला, इंदिरानगरात. चार विंग, ९६ फ्लॅट. दहा दिवसांचा गणपती बसतो आणि येणारा प्रत्येकजण नारळ किंवा पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. पेढे शेवटी शेवटी कुणी हातात धरत नाही, नारळांचं काय करायचं हा प्रश्न विसर्जनानंतरही आठवडाभर पुरतो. यंदा मीटिंगमध्ये मी म्हटलं, बाप्पासमोर धान्य ठेवू या आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे पोचवू या. बहुतेकांना पटलं. दोन-तीन आजींना नारळाशिवाय दर्शनाला जाणं बरोबर वाटत नाही. तो त्यांचा भाव आहे, त्यावर मला वाद घालायचा नाही.

पेठ तालुक्यात मुलींचं एक वसतिगृह आहे. माझ्या शाळेतल्या एका बाई तिथं नेहमी जातात. पाचवी ते दहावीच्या साधारण ७० मुली, आजूबाजूच्या पाड्यांवरच्या. अनुदान नाही, लोकांच्या मदतीवर चालतं. तिथं द्यावं असं ठरतंय.

आता अडचणी. मंडपात एक मोठं पिंप ठेवून प्रत्येकाने त्यात वाटीभर तांदूळ टाकायचा अशी कल्पना पुढे आली आहे, लहान मुलांना ती फार आवडली. पण भाद्रपदातली हवा, क्लब हाऊसच्या भिंतींना ओल, तिथं दहा दिवस धान्य टिकेल का? शिवाय एक काका विचारतात, आयकरात सूट मिळेल का? आणि शेवटच्या दिवशीचा महाप्रसाद दरवर्षी उरतो, तोही तिकडे पाठवता येईल का?

ज्यांनी असं काही केलंय किंवा ज्यांच्याकडे अशी मदत येते, त्यांनी कृपया लिहा. मला हे नीट करायचं आहे.

शिरोळकर

ताई, मी घेणाऱ्या बाजूचा माणूस आहे म्हणून लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला पूर आला तेव्हा आमचं गाव पाण्यात होतं. हायवेवर पाणी, गाड्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या. पाणी उतरलं आणि साऱ्या महाराष्ट्रातून ट्रक यायला लागले. ती माया आम्ही जन्मात विसरणार नाही. पण शाळेच्या व्हरांड्यात उतरवलेला माल निवडायला आम्ही गावातली पोरंच होतो, त्यामुळे काय आलं आणि काय लागत होतं ते डोळ्यांनी बघितलंय. जुन्या कपड्यांचे गठ्ठे छताला टेकले होते. ब्रेड इतका आला की वाटून होईपर्यंत त्याला बुरशी चढली. आणि ज्या घरात गुडघाभर चिखल आहे, पीठ-मीठ सगळं भिजून गेलंय, तिथं बाया तेल, डाळ, तिखट, मीठ आणि खराटा विचारत होत्या.

त्यात हिरण्यकेशीकाठच्या एका गावाचा टेम्पो आला. एका घराला एक पिशवी. तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, मीठ, चटणी, चहापूड, साखर, दोन मेणबत्त्या आणि एक काडेपेटी. काडेपेटी वेगळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रबर लावलेली. म्हणजे पिशवी भरणाऱ्याने पूर बघितलेला होता. त्या पिशव्या तासाभरात संपल्या आणि त्यातलं काहीही वाया गेलं नाही.

वसतिगृहाची गोष्ट पुराची नाही, मान्य. पण आधी फोन करा आणि कोठीत काय कमी आहे ते विचारा. मगच सोसायटीत काय मागायचं ते ठरवा.

कोठीवाली

ताई, मी सुरगाण्याकडच्या एका वसतिगृहाची कोठी सांभाळते. तुम्ही म्हणता ते आमचं नाही, पण पट्टा तोच आणि पोरीही तशाच. म्हणून सविस्तर लिहिते.

वर शिरोळच्या भाऊंनी सांगितलंय तसं विचारा, पण अध्यक्षांना किंवा सेक्रेटरींना विचारू नका. ते भली माणसं असतात आणि ‘जे द्याल ते चालेल’ म्हणतात. कोठीची किल्ली ज्या बाईच्या कमरेला आहे तिला विचारा. डाळीचा डबा कुठवर आलाय ते तिलाच माहीत असतं.

ते पिंप कृपा करून ठेवू नका. मुलांना आवडलंय ते कळतं मला, पण ९६ घरांचा तांदूळ म्हणजे कुणाचा इंद्रायणी, कुणाचा कोलम, कुणाचा बासमतीचा तुकडा, कुणी रेशनचा. हे सगळं एका पातेल्यात शिजवून बघा. इंद्रायणीचा गिचका झालेला असतो आणि कोलमाचा दाणा बोटांत दाबला तर मध्ये कणी लागते. चार माणसांचा भात असता तर पाणी शिंपडून, झाकण ठेवून सावरता आला असता. सत्तर पोरींच्या पातेल्यात ते होत नाही, खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. पोरी काही बोलत नाहीत, पण ताटं परत येतात तेव्हा कळतं. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी सांडली तर चुरा वेचून खाणाऱ्या घरातल्या पोरी आहेत ह्या. त्यांनी भात टाकला तर दोष भाताचा.

डाळीचंही तेच. तूर, मसूर, मूग एकत्र झाली की तूर शिजेपर्यंत मुगाचं पाणी होतं. आणि किडा लागू नये म्हणून घरोघरी बोरिक पावडर लावतात, कुणी डब्यात पारदाच्या गोळ्या टाकतात. कुठल्या पिशवीत काय लावलंय ते आम्हाला इथं कसं कळणार? आम्ही धुऊन घेतोच, पण गोळी राहिली असेल तर? मुलांच्या अन्नाची भीती वाटते हो. म्हणून न फोडलेलं पाकीट किंवा दुकानातून आलेली गोणी, एवढंच घ्या.

आता हिशोब सांगते, म्हणजे काय मागायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं सरकारी माप सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ असं आहे. डोंगर चढउतार करणाऱ्या, वाढत्या अंगाच्या पोरींना ते पुरत नाही, मी धान्य २०० ग्रॅम धरते. सत्तर पोरी, दोन वेळा. दिवसाला २८ किलो धान्य गेलं. डाळ चार किलोच्या थोडी वर. महिन्याचे झाले ८४० किलो तांदूळ-गहू-नागली मिळून आणि सव्वाशे किलो डाळ. तेलाचे १५ किलोचे दोन डबे, तेही हात आखडून.

तुमच्या ९६ घरांनी एकेक किलो तांदूळ दिला तर आमच्यासारख्या ठिकाणी साडेतीन दिवस जातात. त्याच ९६ घरांनी एकेक किलो डाळ दिली तर बावीस-तेवीस दिवस निघतात. महिना संपत आला की भात असतो आणि वरणात डाळ शोधावी लागते, हे मी दर वर्षी बघते. वाढत्या पोरींच्या ताटात खरी कमतरता डाळीची असते. म्हणून घरोघरी डाळ मागा. दोन विंगनी तूर, एकीनं मूग, एकीनं शेंगदाणे आणि गूळ असं वाटून घेतलं तर आम्हाला निवडत बसावं लागणार नाही. तांदूळ-गव्हासाठी पैसे जमवा आणि एकाच जातीचा घ्या. जमलं तर नागली पेठच्या बाजारातून, तिथल्याच शेतकऱ्याकडून घ्या. शहरातून नागली कुणीच पाठवत नाही आणि पोरींचा जीव तिच्यात असतो. उडदाची आमटी आणि नागलीची भाकरी असेल त्या रात्री वाढायला मला जास्त हात लागतात.

दुसरं, आणि हे मी फार दिवस कुणाला तरी सांगेन म्हणत होते. गणपतीत आणि दिवाळीच्या आधी आमच्याकडे टेम्पोवर टेम्पो येतात. कोठीत पाय ठेवायला जागा नसते. मग दिवाळीची सुट्टी लागते, पोरी घरी जातात, आणि ते धान्य बंद खोलीत दमट हवेत पडून राहतं. परत येऊन बघावं तर रव्याला जाळी आणि तांदळात टोके. आणि जानेवारीपासून परीक्षेपर्यंत कुणीही येत नाही. जूनमध्ये वसतिगृह उघडतं तेव्हा तर कोठी रिकामी असते. नव्या पोरी पहिल्यांदा घर सोडून आलेल्या असतात, रात्री रडतात, आणि त्याच दिवसांत मला डाळीत पाणी वाढवावं लागतं. तुम्ही गोळा गणपतीत करा, पण सगळं एकदम पाठवू नका. हप्त्याहप्त्यानं द्या.

शेवटचं. मदत द्यायला याल तेव्हा पोरींना बॅनरमागे रांगेत उभं करून फोटो काढू नका. आठवीची पोरगी असते ती. तिला सगळं कळतं. तो फोटो फिरत फिरत तिच्या पाड्यावर पोचतो. या, आमच्याबरोबर जेवायला बसा, पोरींना गणिताचा एक तास शिकवा, त्यांची गाणी ऐका. धान्याचे फोटो काढा, गोण्यांचे काढा.

भुसारवाला

कोठीवाल्या ताईंनी लाखातलं सांगितलं. माझं दिंडोरी रोडला भुसारचं दुकान आहे, त्यामुळे हप्त्याचं कसं जमवायचं ते मी सांगतो.

सोसायटीत जे पैसे जमतील ते संस्थेच्या खात्यात भरा, आणि संस्थेनं त्यातून एका दुकानात खातं उघडावं. भाव आजचा ठरवून घ्यायचा, माल महिन्याला लागेल तसा उचलायचा. असे व्यवहार आम्ही व्यापारी वर्षानुवर्षं करतो. दुकानदाराकडे एक वही, कोठीत एक वही, उचल झाली की दोन्हींत सही. पैसे अडकतील अशी शंका असेल तर तीन-तीन महिन्यांचे द्या. गोदामात माल आम्ही फळीवर रचतो, भिंतीपासून लांब ठेवतो, वास आला की हलवतो. वसतिगृहाच्या एका खोलीत ते होत नाही.

गहू यंदाच्या उन्हाळ्यातला घ्या, भाद्रपदात तो पाच-सहा महिन्यांचा, चांगला वाळलेला असतो. तांदूळ मात्र जुना मागा. नवा तांदूळ पाणी कमी पितो, चिकट होतो आणि पातेल्यात फुलत नाही. मोठ्या स्वयंपाकाला वर्षभर जुना कोलम बरा. गव्हाबरोबर दळणाचे पैसेही द्यायला विसरू नका. पाड्यावरच्या गिरणीला वीज कधी असते, कधी नसते, त्यामुळे काही ठिकाणी दळण लांब न्यावं लागतं आणि तो खर्च कुणी धरत नाही.

छापील पाकिटातल्या तांदूळ-डाळीवर २०२२ च्या जुलैपासून २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे. त्यावरची गोणी घेतली तर तो लागत नाही, म्हणून बाजारात २६ आणि ३० किलोच्या गोण्या दिसतात. सत्तर मुलींच्या महिन्याच्या धान्यात त्या ५ टक्क्यांतून जवळजवळ दीड दिवस निघेल.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर : वस्तू दिल्या तर ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकरातली सूट नाही, पैसे दिले तर आहे. संस्थेकडे ८०जी ची नोंद हवी, आणि रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर ते धरत नाहीत. चेक किंवा यूपीआयनं थेट संस्थेला द्या. काकांनी नवी करप्रणाली निवडली असेल तर ही सूट मिळत नाही, ते सीएला विचारून घ्या.

आणखी एक. रेशनचा तांदूळ देणारे काहीजण त्यातले वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे म्हणून निवडून टाकतात. ते लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे आहेत, शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळतात. पोरींना तेच हवेत.

साताऱ्याचा

हप्त्याची गोष्ट वाचून राहवलं नाही. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसतील असं बोर्डिंग सुरू केलं. त्या पोरांना जेवायला घालायचं कसं? वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, अंगावरचे दागिने मोडले हे सगळ्यांना माहीत आहे. पण दागिने एकदाच मोडता येतात. संस्था चालली त्यात मुष्टिफंडाचाही मोठा वाटा आहे. घरातल्या बाईनं दळायला किंवा रांधायला घेताना एक मूठ धान्य बोर्डिंगच्या नावानं बाजूला काढायचं, आणि जमलेलं बोर्डिंगला जायचं.

माझे वडील अशाच बोर्डिंगात शिकले. ज्या बायकांच्या मुठीवर ते वाढले त्यांतल्या एकीचंही नाव त्यांना माहीत नव्हतं. पुढे नोकरी लागली तेव्हा आईला त्यांनी पहिल्या महिन्यापासून सांगून ठेवलं होतं, आपल्या घरातून दर महिन्याला धान्य जाणार. ते अजून जातं, आता माझ्या घरून.

म्हणून सुचवतो, मंडपात एक यादी ठेवा. ज्यांना जमेल त्यांनी पुढच्या जूनपर्यंत महिन्याला एक किलो डाळ द्यायची. ९६ पैकी ४० घरं निघाली तरी पुष्कळ झालं. दहा दिवसांत किती जमलं यापेक्षा फेब्रुवारीत किती घरं टिकली ते बघा. आणि मुलांना पिंपाऐवजी काम द्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी विंगमध्ये फिरून पाकिटं गोळा करायची, वहीत लिहायची. ती मोठ्यांना विसरू देणार नाहीत.

इंदिरानगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री कमिटीला हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कोठीवाल्या काकूंचा डाळीचा हिशोब ऐकल्यावर पिंपाचा विषय तिथंच संपला. ए आणि बी विंग तूरडाळ, सी मूगडाळ, डी शेंगदाणे-गूळ असं ठरलंय. मासिक यादीत पहिल्याच रात्री २७ घरांनी नावं दिली. वसतिगृहाच्या कोठीवाल्या मावशींना मी स्वतः फोन केला. त्यांनी तूरडाळ आणि तेल सांगितलं, आणि थोडं थांबून विचारलं, ‘जिरं-मोहरी मिळेल का?’ ते आमच्या कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

काकू, अजून दोन गोष्टी विचारते. महाप्रसादाचं काय करू? मसालेभात, मठ्ठा आणि बुंदी असते, ५०-६० माणसांचं सहज उरतं. आणि आजींचे नारळ येणारच आहेत. ते काय करायचे?

कोठीवाली

ताई, जिरं-मोहरीचं वाचून बरं वाटलं. त्याच्यात हळद, हिंग आणि चहापूड घाला. ह्या वस्तू कुणी देत नाही आणि आम्हाला मागायला संकोच होतो, कारण धान्य देणाऱ्यापुढे हिंग कसा मागायचा?

मसालेभात पाठवू नका. तुमचं जेवण दुपारी दोनला उरकणार, गाडी भरून सावळघाट ओलांडून पोचेपर्यंत संध्याकाळ. गरम भात झाकून एवढा वेळ राहिला की खराब होतो, वरून वास येत नाही पण पोट बिघडतं. सत्तर पोरी आणि चार संडास, रात्रीचा डॉक्टर नाही, हा धोका मी कधीही घेणार नाही. मठ्ठ्याचा तर विचारच नको. तो भात शहरातच द्या. सिव्हिल हॉस्पिटलबाहेर खेड्यातून आलेले नातेवाईक असतात, त्यांना दुपारी गरम जेवण मिळालं तर ते तुम्हाला दुवा देतील. पण उरण्याची वाट बघू नका. पंगत बसायच्या आधीच दोन पातेली बाजूला काढा आणि गरम असताना पाठवा. पंगतीत फिरलेलं, हात लागलेलं कुणालाच नको. आधी तिथल्या माणसांशी बोलून किती जणांचं लागेल ते विचारून घ्या. कोरडी बुंदी मात्र आमच्यासारख्यांकडे बिनधास्त पाठवा, ती टिकते आणि पोरी उड्या मारतात.

नारळ तर हवेतच! आजींना सांगा, मनापासून आणा. शेंडीसकट, न फोडलेला नारळ महिनाभर सहज राहतो. आमटीत, चटणीत, भाजीत, सगळीकडे जातो, आणि विकत घेऊन घालायची आमची ऐपत नाही. फक्त हळदीकुंकू आणि पाणी लागलेले नारळ पुसून, एक दिवस पंख्याखाली वाळवून मग पोत्यात भरा, नाहीतर डोळ्याकडून बुरशी धरते. फोडलेले असतील तर त्याच दिवशी खोबरं काढून घरात वापरा, पाठवू नका.

गाडी पाठवाल ती शनिवारी दुपारी पाठवू नका. त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो, मी नसते, आणि पोरींना गोण्या उचलाव्या लागतात. त्या मावशींनाही त्यांचा बाजाराचा वार विचारा. पावसाचे दिवस आहेत, टेम्पोवर ताडपत्री दोन पदरी घाला आणि खाली लाकडी फळी टाका. डाळीची पाकिटं खोक्यात भरून खोक्यावर विंगचं नाव आणि महिना लिहा. पुढच्या महिन्याचं खोकं कधी येणार तेही त्यांना आजच सांगून ठेवा, म्हणजे त्या तेवढं धरून वाढतील.